तीनशे दोनची गळती

दिनानाथ पेठे गेले. तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या पलंगावर, पूर्णपणे कोरडे. पण ते अजून झालंच नाही असं धरून चालू. कारण सध्या त्यांची बायको अरुंधती उरण नाक्याजवळ गणूच्या दुकानात उभी आहे आणि तिच्यासमोर काउंटरवर दोन डबे आहेत.

गणूचं दुकान माशांचं, पण बघायच्या माशांचं. तरी रोज कोणीतरी पिशवी घेऊन आत शिरतं आणि पापलेटचा भाव विचारतं. अरुंधतीला इथे आणलं होतं वरच्या मजल्यावरच्या मुनाफभाईंनी. अर्धं आयुष्य कुवेतला काढून आल्यावर त्यांनी एकच हौस केली होती, हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी. मागच्या महिन्यात ती टाकी उतू जाऊन दिनानाथांच्या अंगावर आली. म्हणून आता नवा डबा वहिनींच्या पसंतीनेच घ्यायचा, असा त्यांचा हट्ट होता. घरी दिनानाथांजवळ त्यांनी आपल्या बायकोला, बिल्कीसला बसवलं होतं. तिला तसं काही काम नव्हतं. अर्धांगवायूनंतर दिनानाथ हलत नव्हते, बोलत नव्हते, नुसते तोंड उघडं ठेवून छताकडे बघत.

डबा टाकीच्या काठाला अडकवायचा असतो. तो नळीने वरचं पाणी खेचून स्टँडखालच्या छोट्या टाकीत सोडतो आणि तिथला पंप ते पुन्हा वर चढवतो. वीज गेली की हलक्या डब्याच्या नळीत हवा शिरते. वीज आली की पंप सुरू होतो, नळी होत नाही. मग पाणी वर येतच राहतं आणि त्याला जायला एकच वाट उरते, दिनानाथ.

त्यात मुनाफभाईंना परदेशातली सवय. घराबाहेर पडायचं तर मेन स्विच बंद. त्या दिवशी करंजाला लग्नाला गेले, परत आल्यावर स्विच वर केला आणि तसेच नमाजाला निघून गेले.

खाली पहिला थेंब दिनानाथांच्या कपाळावर पडला, मग धार लागली. अरुंधती बादली घेऊन धावली. तेव्हा ते म्हणाले, "खारट."

लग्न झाल्यापासून पहिल्या घासाला ते रोज हेच म्हणत. आमटी असो, खिचडी असो. या एका शब्दावरून ती एकदा माहेरीही निघून गेली होती. त्या दिवशी मात्र तिने बादली बाजूला ठेवली आणि पाणी पडू दिलं.

पुढे तिने चमच्याने मिठाचं पाणी पाजलं. जिभेला लोणच्याचं बोट लावलं. काही नाही. डॉक्टर म्हणाले, योगायोग. पुण्याहून रेवा फोनवर म्हणाली, आई, तू थोडं झोपत जा.

गणूने पहिला डबा पुढे केला. पातळ, एका नळीचा. मग तोच मागे ओढला. "काकू, ह्यो नको. लाईट गेली की हा पन गेला समजा. दुसरा घ्या. दोन नळ्या हायेत, पानी धरून ठेवतो. पंप चालू झाला की आपोआप चालू. एक थेंब भायेर नाय."

"एकपण नाही?" अरुंधतीने विचारलं.

"लिहून देतो."

ती पातळ डब्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं की डब्याऐवजी टाकीच्या काचेलाच भोक पाडून घेतलं तर. गणू म्हणाला, जुनी काच हाय, फुटली तर आख्खी टाकी एकदम खाली. अरुंधतीने मुनाफभाईंकडे आशेने पाहिलं. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

"मुनाफभाई, हा साधाच घ्या ना," ती म्हणाली. "थोडं गळलं तर चालेल मला."

मुनाफभाईंचे डोळे भरून आले. "वहिनी, तुमचं दिल मोठं आहे. पण मला अल्लाला जाब द्यायचाय."

मग तिने सांगून टाकलं. त्या दिवशी ते बोलले. पाणी तोंडात गेलं आणि खारट म्हणाले. इतक्या महिन्यांत तेवढंच.

मुनाफभाई खालच्या आवाजात म्हणाले, "तोंडात गेलं? या खुदा." आणि गणूला म्हणाले, दुसरा दे. याहून मजबूत असेल तर तो दे.

परतताना रिक्षात त्यांनी डबा अरुंधतीच्या मांडीवर दिला, कारण तिच्याइतकं जपून कोण धरणार. पुलाच्या तोंडाशी मोठा खड्डा आला. अरुंधतीने हात सोडले. डबा उडाला आणि मुनाफभाईंनी तो हवेतच झेलला. नंतर घर येईपर्यंत त्यांनी तो छातीशी धरून ठेवला आणि वहिनी, आता निर्धास्त झोपा, असं तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

अरुंधतीने मान हलवली. ती मनातल्या मनात सोसायटीला अर्ज लिहीत होती. मा. सचिव महोदय, फ्लॅट क्रमांक तीनशे दोनचे छत मागील महिन्यात एकदा गळले होते, त्यानंतर गळलेले नाही. तरी सदर गळती, शक्य झाल्यास जेवणाच्या वेळेत, पूर्ववत सुरू करून मिळावी, ही नम्र विनंती.