वीज गेलेला पेशंट

परीक्षेसाठी पलंगावर निजवलेल्या रबरी पेशंटची नाडी डॉक्टर शलाका बघत होती, तेवढ्यात कॉलेजची वीज गेली. मोटरवर श्वास घेणारा तो पुतळा एकदम गार पडला.

"राहू दे, वीज आली की पुन्हा सुरू करू," परीक्षक तळवलकर म्हणाले. इमर्जन्सी मेडिसिनच्या या परीक्षेत गेल्या वेळी त्यांनीच तिला नापास केलं होतं. 'पेशंटला पुतळा समजते' असा शेराही मारला होता.

"सर, नाडी लागत नाहीये," म्हणत तिने दोन्ही हातांनी पुतळ्याची छाती दाबायला सुरुवातही केली.

"अगं, वीज गेलीय!"

"कारण नंतर शोधू सर. आत्ता पेशंट जातोय."

पोरीने शेरा जरा जास्तच मनावर घेतला, असं तळवलकरांना वाटलं. पण ही थांबते तरी कधी, याचं त्यांना कुतूहल वाटू लागलं. ती घामाघूम झाली, तरी थांबेना.

"मी दमले सर. आता माणूस बदलायला हवा. तुम्ही या."

तळवलकर चक्क पुढे झाले आणि छाती दाबू लागले.

"कोपरं ताठ ठेवा. अजून जोरात! बायकामुलांचा माणूस असेल हो."

साठीतल्या तळवलकरांनी सगळा जोर लावला. वीज आली, पुतळ्याने डोळे उघडले आणि परीक्षकांच्या तोंडून निघून गेलं, "वाचला रे वाचला!"

मग ते ओशाळून भिंतीला टेकले. "पास आहेस तू," ते धापा टाकत म्हणाले.

तिने आभार मानले नाहीत. त्यांना खुर्चीत बसवलं, मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत म्हणाली, "बोलू नका सर."