हाताचं माप

बागेत कपडे वाळवायचा स्टँड बसवायला मिस्त्री आला होता. स्टँड छत्रीसारखा उघडणारा, पण खांब एकदा सिमेंटमध्ये गाडला की वरखाली होणार नव्हता. म्हणून त्याने आधीच विचारलं, "कपडे वाळत कोण घालतं? त्यांनी जरा इथं उभं राहून हात वर करा."

"मीच की! या घरात दुसरं कोण करणार?" सूनबाई ओढणी खोचून पुढे झाली. रोज सकाळी मशीनचं बटण तीच दाबायची आणि मग कामावर पळायची. संध्याकाळी कपाट उघडावं तर घड्या तयार. एवढ्या मोठ्या घराचं धुणं आपण एकटीने ओढतो, याचा तिला कोण अभिमान!

"अहो मिस्त्री, थोडा खाली घ्या ना..." दारातून सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही आत बसा बरं. तुम्हाला काय कळतंय यातलं?"

सूनबाईच्या हाताच्या मापाने खांब पक्का झाला.

चौथ्या दिवशी ऑफिसच्या किल्ल्या विसरल्या म्हणून ती निम्म्या वाटेतून परतली आणि फाटकातच थिजली. सासूबाई स्टुलावर टाचा उंचावून उभ्या होत्या. तोंडात दोन चिमटे, हातात सूनबाईचाच ओला कुर्ता. धरणीने पोटात घ्यावं, असं झालं तिला.

सासूबाईंनी तोंडातले चिमटे काढले.



"बरी आलीस गं. जरा स्टूल धर, डुगडुगतंय मेलं."