तीन खराब तुकडे

निरंजनच्या मेंदूत पुन्हा बसवायची सिस्टिम फाइल तिसऱ्यांदा डाउनलोड झाली आणि तिसऱ्यांदाही खराब निघाली. त्याची बायको पद्मजा दवाखान्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

"तीनच तुकडे खराब आहेत, ताई," तंत्रज्ञ म्हणाला. "पुन्हा उतरवू. नऊ दिवस लागतील."

"नऊ दिवस? इथे माझा जीव टांगणीला लागलाय! दुसऱ्या कुणाचे तुकडे घाला की."

"सख्ख्या भावाचे चालतात, पण..."

"आता पण-बिण काही नको!"

तिने धाकट्या दिराला तडक बोलावून घेतलं. त्याचे तीन तुकडे जोडल्यावर सिस्टिम एका झटक्यात सुरू झाली.

निरंजनने डोळे उघडले आणि तिला ओळखून तो हसला. तिने हात धरताच मात्र त्याने तो संकोचून सोडवून घेतला.

"वहिनी," तो म्हणाला, "दादा कुठाय?"