तिसऱ्या हाकेला

"तीन कंपन्या मिळून?" तुळसाबाईंनी निवडायला घेतलेली लालभाजी परातीत ठेवली. "बजारात एकमेकीच्या झिंज्या उपटतेत, अन् इथं तिघी सवती एका ताटात जेवून राहिल्या? काय बाप्पा!"

नीरजा हसली. कॅम्प वन या कामगार वस्तीतलं हे तिचं आजचं शेवटचं घर. "फसवणुकीचे फोन थांबवायचे आहेत, काकू. म्हणून तिन्ही फोन कंपन्यांनी मिळून हा अभ्यास काढलाय. तुमच्या गल्लीत जवळपास सगळे फसले, तुम्हीच तेवढ्या नाही. का नाही, ते सांगा."

गल्ली फसली होती, हे खरं. शेजारच्या सिंधुताईंना नातवाच्या आवाजात फोन आला, आजी, ॲक्सिडेंट झाला, लवकर ये. त्या अनवाणी नेहरू नगरच्या हायवेपर्यंत धावल्या. नातू शाळेत होता. परतल्या तर घर झाडून नेलेलं, देव्हाऱ्यातला बाळकृष्णसुद्धा. तेव्हापासून त्या दाराकडे पाठ करून बसत नाहीत.

"मी पह्यल्या हाकेले ओ देतच नाई," तुळसाबाई म्हणाल्या. "दुसरीलेई नाई. मायनं शिकवलं." आणि जात्यावर बसल्यासारख्या त्या जराशा झुलल्या.

"पह्यली हाक वाऱ्याची,
दुसरी हाक वैऱ्याची,
तिसरीले ओ दे बाई,
ती आपल्या सोयऱ्याची."

नीरजाचं बोट टॅबवर थबकलं. किती दिवसांनी तिनं असं काही ऐकलं होतं.

"फोनचंई तेच. दोनदा वाजून बंद झाला अन् तिसऱ्यांदा वाजला, तं उचलतो. माह्या पोराले, हेमराजले, ठाऊक हाये. चोराले कुठं येवढा धीर? तो ड्युटीवर गेला का मी दिवसभर एकली, पोरी. हे येवढंच माह्यं कुलूप."

नीरजानं 'इतर कारण' या चौकटीत लिहिलं, 'तिसऱ्या वेळी फोन आला तरच उचलतात. दारही तसंच.' बोट टेकवलं. हिरवी खूण उमटली.

"हे कोन वाचते?"

"तिन्ही कंपन्या."

"बस?"

"त्या ज्यांना देतील, ते पण."

"ते कोन?"

नीरजाला ठाऊक नव्हतं. ट्रेनिंगमध्ये हे कोणी विचारलंच नव्हतं.

"पुसून टाक."

"गेलं, काकू. इथून पुसता नाही येत."

तुळसाबाई उठल्या. दाराची कडी लावली, वरची खिटीही सरकवली आणि पुन्हा परातीपुढे येऊन बसल्या. भाजीला हात लावला नाही. कारखान्यात वितळलेल्या लोखंडाची मळी ओतली गेली आणि तिकडचं आभाळ लाल झालं. ती लाली भिंतीवर चढली, थोडी थांबली आणि विझली.

"माफ करा, काकू," नीरजा म्हणाली. "ते चांगल्यासाठीच आहे सगळं."

"हाव. तू चांगलीच पोरगी हायेस."

बाहेर फाटक करकरलं.

"माय!"

तुळसाबाईंनी मान वळवली नाही.

"माय वं!"

नीरजानं खिडकीच्या जाळीतून पाहिलं. मळकी निळी वर्दी, बगलेत हेल्मेट, दिवसभराच्या उन्हानं रापलेला चेहरा. भिंतीवरच्या हेमराजच्या फोटोतलाच.

"माय, दार उघड ना! थकून गेलो न वं!"

आता त्या उठतील, म्हणून नीरजा वाट सोडून बाजूला झाली. त्या उठल्या नाहीत. मग तीच कडीकडे निघाली, तेव्हा मागून तुळसाबाईंनी तिचं मनगट गच्च धरलं.

"काकू, तुमचाच मुलगा आहे. मी पाहिला ना त्याला."

"आवाज तं त्याचाच हाये," तुळसाबाई हळूच म्हणाल्या. "पन तिसरी हाक आता कोनाकोनाले ठाऊक झाली! बोलू नको."