चौथा हिसका

नव्या शिपायांना शिकवायला जेलनं व्हिडिओ काढायचं ठरवलं, तेव्हा कुलूप लावून दाखवायचं काम जुन्या हवालदार आप्पारावांच्या गळ्यात पडलं. बराक रिकामीच होती. त्यांनी कुलूप लावलं, रीतीप्रमाणे तीन हिसके देऊन पाहिलं आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळे तो व्हिडिओ बघायला बसले. आप्पाराव सगळ्यात मागं बसले होते. गेली बारा वर्षं त्या बराकीच्या दाराकडं पाठ केली, की त्यांना चौथा हिसका ऐकू यायचा. वडवणीच्या डॉक्टरानं कान तपासले, रतनबाईनं नवऱ्यासाठी नवस बोलला. साहेबलोकांना मात्र सांगायची सोय नव्हती. डोकं फिरलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या कोण ठेवणार?

पडद्यावर तीन हिसके झाले. आप्पाराव दाराकडं पाठ करून निघाले.

मग गजांतून एक हात बाहेर आला. त्यानं कुलूप हिसकून पाहिलं आणि खात्री पटल्यासारखा सावकाश आत गेला.



"आत कोण होतं, आप्पाराव?" जेलर मॅडमनी व्हिडिओ थांबवून विचारलं.

आप्पारावांचा जीव भांड्यात पडला.

"कोनीच न्हाई, मॅडम," ते हसत म्हणाले. "पन तुमालाबी दिसलं ना?"