एकहाती

"एकहाती म्हणे! हात मोज, किती लागलेत ते!"

पंढरीनाथ सावेंनी गाडीचं नोंदणी पुस्तक शेजारी बसलेल्या बायकोच्या, गिरिजाबाईंच्या मांडीवर आपटलं आणि मारुती उत्तनच्या रस्त्याला वळवली.

पुस्तक कालच आरटीओतून नावावर होऊन आलं होतं. पहिलं नाव अंधेरीच्या कुणा डॉक्टरचं, दुसरं बोरिवलीच्या व्यापाऱ्याचं, तिसरं ही गाडी विकणाऱ्या उत्तनच्या कॉन्रॅडचं. आणि त्याखाली, घरी सत्यनारायण घालून घेतलेल्या गाडीचे मालक पंढरीनाथ, चौथे.

"घेताना पुस्तक वाचायचं होतं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"टायर बघितले, इंजिन बघितलं. माणसाच्या शब्दावर विश्वास टाकला, तोच गुन्हा!"

ठाण्याच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. सिल्व्हर पार्कातून ठाण्याला जायचं तर तीन वाहनं बदलावी लागत, आणि यायला पुन्हा तीन. सहा वर्षं हे केल्यावर त्यांनी फंडातून सत्तर हजार काढून ही गाडी घेतली. पेढे वाटताना प्रत्येक मजल्यावर सांगितलं, "एकहाती आहे बरं का, एकाच मालकाची." कालपासून शेजारचे महिपतराव जिन्यात भेटले की विचारत, "काय सावे, कितवा हात?" ते पुस्तक त्यांना दाखवायची हौस सावेंनाच होती, हा भाग वेगळा.

स्टोअरकीपरला एक खोट सापडली की तो सगळा माल पुन्हा तपासतो. पंढरीनाथांनी रात्रीत पुरावे गोळा केले होते. स्टिअरिंगवर डाव्या बाजूला एक लाकडी गोटा बसवलेला. मेकॅनिक शिवा म्हणाला होता, असले गोटे ट्रकवाले लावतात. म्हणजे गाडी भाड्यानं फिरवली असणार. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली करायची मूठ इतकी घट्ट, की शिवाला पान्याला लोंबकळावं लागलं. डावीकडची मात्र लोण्यासारखी. म्हणजे उजवा दरवाजा बदललेला, म्हणजे अपघात. आणि सही! जुन्या विम्याच्या कागदावर कॉन्रॅडची सही मोत्यासारखी, विक्रीच्या कागदावर मात्र पहिलीतल्या मुलानं गिरवल्यासारखी.

"सहीसुद्धा खोटी!" ते म्हणाले. "त्या बाईनं केली असणार. नवरा कधी समोर आलाच नाही. दोन्ही खेपेला म्हणे धक्क्यावर गेलाय."

ती बाई म्हणजे फ्लोरिन, कॉन्रॅडची बायको. गाडी तिनंच दाखवली होती. तिचं बोलणं पंढरीनाथांना शब्दन् शब्द पाठ होतं. "आमच्या ह्यांनी चार वर्सं एकहाती चालवलीय. आदीच सांगते, मागनं बोल नको. तुमाला चालंल ना?"

"चालेल? अहो, तेच तर पाहिजे!"

त्यावर बाई क्षणभर बघतच राहिली होती. भाव कमी सांगितला म्हणून हळहळली असेल, असं पंढरीनाथांनी तेव्हा मनात हसून ठरवलं होतं.

फ्लोरिन अंगणात बोंबील उलटे करत होती. गाडी ओळखून हसत पुढं आली.

"या, या. कशी चालतेय?"

"गाडी चालतेय. तुमची फसवणूक चालणार नाही. मालक कुठायत?"

बाईचं हसू विरलं. तिनं घराकडं पाहिलं. अर्ध्या दाराच्या आत एक उंच माणूस येऊन थांबला होता. उजवा खांदा चौकटीआड, डावा हात दाराच्या फळीवर.

"मीच कॉन्रॅड. काय झालं, साहेब?"

"हातोहात गंडवलंत आणि वर विचारताय? तुमच्या आधी दोन मालक!"

"हायेत की. पुस्तकात लिवलंय."

"मग एकहाती कशाला म्हणालात?"

कॉन्रॅडनं बायकोकडं पाहिलं. "तू सांगितलं न्हाय यांना?"

"सांगितलं. हे बोल्ले, तेच पायजे."

"बघा!" पंढरीनाथ गिरिजाबाईंकडं वळून गरजले. "तोंडावर खोटं! देवाधर्माची माणसं म्हणून आलो, तर ही रीत. आणि ती सही कुणाची, बाई? तुमची?"

"माजी हाय," कॉन्रॅड शांतपणे म्हणाला.

"मग विम्याच्या कागदावर इतकी सुरेख कशी?"

"तवा तशी यायची."

"चार वर्षांत अक्षर विसरलात? लहान मूल समजलात मला? आता हात वर करून चालणार नाही. सत्तर हजार परत, नाहीतर इथून पोलीस चौकी."

"अवो भाऊ, जरा ऐका तरी..." फ्लोरिन म्हणाली.

"तुम्ही मध्ये बोलू नका. पुष्कळ बोललात!" पंढरीनाथांनी खिशातून पेन काढलं, विक्रीचा कागद गाडीच्या टपावर पसरला. "बाहेर या. माझ्या डोळ्यांसमोर सही करा. दोन्ही सह्या शेजारी ठेवून बघतो, म्हणजे होईल दूध का दूध."

कॉन्रॅडनं डाव्या हातानं अर्ध्या दाराची कडी काढली.

"अहो," गिरिजाबाई एकदम काही उमगल्यासारख्या गाडीतून बाहेर आल्या. "अहो, पेन खिशात ठेवा. चला."

"का म्हणून? घाबरतेस काय त्यांना?"

त्यांनी पेन पुढं धरलं, आणि कॉन्रॅड पायऱ्या उतरून उन्हात आला. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही खांद्यापाशी दुमडून टाचणीनं नीट टाचलेली होती.