खांद्याची शिवण

निजामने कपाट उघडलं आणि त्याला ठसका लागला. कसर लागू नये म्हणून आत सुक्या मिरच्या ठेवल्या होत्या. बायकोला, मेहरुन्निसाला, जाऊन वर्ष होत आलं, पण कपाट उघडलं की घरात पुन्हा तिच्यासारखा खोकला ऐकू यायचा. तो ऐकून पोरीचा, अख्तरबानोचा, हात दरवेळी थांबायचा. आताही मागच्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला.

खुंटीवर हिरव्या साटिनचा कुडता लटकत होता. चाळीसाव्या दिवशी बायकोचे बाकीचे कपडे त्याने वाटून टाकले होते. हा तेवढा ठेवला. सुरतेकडची गाडी गेली की कपाट हादरायचं आणि कुडत्याची बाही हलायची. संध्याकाळी तो त्या गाडीची वाट बघत बसायचा.

उद्या पोरीची रुखसती, सासरी पाठवणी, होती. तळोद्याची सासरची माणसं सकाळीच येणार होती. लढाईमुळे कापड कंट्रोलमध्ये गेलेलं, आणि शिवणाऱ्याच्याच घरात शिवायला कापड नव्हतं. अख्तरबानोने तोंडाने काही मागितलं नव्हतं. शेजारची धनुबाई मात्र ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडता खुडता सकाळी बोलून गेली होती.

"निजामभाऊ, कपाटले कुडता घालीसन ठेवशी, आन पोरले फाटका कपडास्मा धाडशी का?"

तो कुडता घेऊन दारात उजेडाला बसला. उलटा केला. दोन्ही बाजूंना त्याच्याच टिपा होत्या, एकीच्या आत एक.

मेहरुन्निसा दुखण्याने वाळत गेली तसतसा निजाम कुडता बाजूंनी आत घेत गेला होता. धुऊन वाळलेला कुडता ती घालायच्या आधी गुपचूप मशीनखाली घालायचा. कपडा अंगाला बसला की तिला वाटावं, आपण होतो तशाच आहोत. तिला तसं वाटायचंही. बटणं लावून म्हणायची, बघा, अजून हाच येतो मला.

सगळ्यात आतली टीप शेवटची. तेवढ्याच अंगाची ती या घरातून गेली होती. ही टीप तुटली की कपाटातली तीही जाईल, असं त्याला वाटत होतं. त्याने टिपा उसवायचं पातं धरलं. मग सोडलं. मग पुन्हा धरलं.

एक टीप उसवली. दुसरी उसवली. आत दडलेलं साटिन बाहेर आलं, नव्यासारखं हिरवं. मेहरुन्निसा भरत चालली. पहिल्यांदा आत घेतलेली टीप सुटली तेव्हा मांडीवर तिच्या लग्नानंतरच्या दिवसांतला कुडता होता.

अख्तरबानो आईच्याच अंगकाठीची. तिने आत जाऊन तो घातला आणि बाहेर आली. खांदे हलवून बघितले. खांद्यात आवळतोय, म्हणाली.

तसं व्हायला नको होतं. खांद्यांना त्याने कधी हात लावलाच नव्हता. त्यावरच तर त्याची आशा टिकून होती. बाजू उतरल्या, पण खांदे बसतात. म्हणजे दुखणं हाडापर्यंत गेलं नाही, असं तो स्वतःला समजावत आला होता.

त्याने कुडता काढून द्यायला सांगितला. खांद्याची शिवण उलटी केली. आत हाताने घातलेले टाके होते, वाकडे, लहानमोठे. दोराही एक नव्हता. पांढरा, तांबडा, काळा, पुन्हा पांढरा. त्याच्या मशीनखाली पडलेले तुकडे गाठी मारून जोडलेले. रिळातला दोरा कमी झाला असता तर त्याला कळलं असतं.

त्याने एकेका गाठीवरून बोट फिरवलं.

अख्तरबानो समोर उभी होती. "अम्मी को सुई मैंच पिरो के देती थी, अब्बा."

त्याने मान वर केली नाही. आपल्या टिपांचं मेहरुन्निसाला माहीत होतं का, एवढंच विचारलं.

"अम्मी हँसती थी. बोलती, तेरे अब्बा चूहे के माफक मेरा कुडता कुतरते. कंधे का तू मत बोलना उनको."

गाडीची शिटी झाली. मागे कपाट हादरलं. निजामने वळून बघितलं नाही. त्याने खांद्याचे टाके एकेक करून सोडवले आणि कुडता उंच धरून दाराकडे केला.

उजेड आला तो सुईच्या भोकांतून. दोन्ही बाजूंनी ठिपक्यांच्या ओळी, एकीच्या आत एक. मोठ्या बाईच्या आत लहान बाई, तिच्या आत त्याहून लहान. आणि दोन्ही खांद्यांवर वाकडे ठिपके.

अख्तरबानोने निखारे भरलेली इस्त्री आणून ठेवली होती. शेजारी ओलं फडकं. ओलं फडकं टाकून इस्त्री दाबली की साटिनची भोकं बुजतात. बापाच्या हाताखाली ती एवढं शिकली होती.

"रहने दे," निजाम म्हणाला.

कुडता पोरीच्या हातात देऊन तो उठला, आणि इस्त्रीतले निखारे त्याने परत चुलीत ओतले.